तिसरी पिन

आमच्या वडगावात वीज कधी जात नाही; लाईट जाते. भर दुपारी बाराच्या उन्हात माग थांबला, तरी विणकर दारात येऊन शेजाऱ्याला विचारतो ते हेच, "लाईट गेली काय हो?" महिन्याच्या महिन्याला घरी येते ते लाईटबिल, आणि खांबावर चढतो तो लाईटवाला. या शब्दाला हसण्याचे कारण नाही. शब्द हा लोकांच्या अनुभवाचा ठसा असतो. आमच्या वाडवडिलांच्या घरात वीज प्रथम आली ती दिव्याच्या रूपाने, आणि पुष्कळ वर्षे तिने दिवा लावण्यापलीकडे दुसरे काही काम केले नाही. घर बांधणाऱ्याने व तारा ओढणाऱ्यानेही तिचा विचार दिवा म्हणूनच केला. सोप्यात एक बल्ब, माजघरात एक, स्वयंपाकघरात एक, परसात न्हाणीच्या तोंडाशी एक. प्रत्येकासाठी लाकडी पट्टीवरून ओढलेल्या दोन बारीक तारा, आणि भिंतीवर काळ्या टोपीचे एक बटण. एवढ्यावर काम भागत होते, आणि चांगले भागत होते.

आज त्याच घरात, पुष्कळदा त्याच तारांवर, फ्रीज आहे, मिक्सर आहे, दूरदर्शन संच आहे, इस्त्री आहे, पाणी तापविण्याचे यंत्र आहे. घरातील प्रत्येक माणसाचा एक मोबाईल रात्री उशाशी चार्जिंगला लागलेला आहे. घराचे वय साठ-सत्तर वर्षे आणि त्यातील उपकरणांचे वय पाच-सात. या दोन वयांमधील अंतर कोणीतरी भरून काढले पाहिजे. ते काढते बाजारात थोड्या रुपयांना मिळणारी एक पांढरी वस्तू. तिला कोणी मल्टिप्लग म्हणते, कोणी अॅडॉप्टर; तार जोडलेली असली म्हणजे ती एक्स्टेन्शन बोर्ड होते, आणि लाल दिवा लावून किंमत वाढविली म्हणजे स्पाइक गार्ड. या क्षुल्लक वस्तूचाही इतिहास आहे, आणि तो आपल्या जिवाशी निगडित आहे.

बेळगाव जिल्ह्याला विजेच्या इतिहासात एक मानाचे पान आहे. घटप्रभेच्या पाण्यावर गोकाक येथे १८८७ मध्ये सूतगिरणी चालू झाली. धबधब्याच्या बळावर चाके फिरविण्याचा एवढा मोठा उद्योग त्या काळी आपल्याकडे नवलाचा होता. पाण्यापासून वीज भारतात प्रथम येथेच निघाली असे गोकाककर अभिमानाने सांगतात. दार्जिलिंगचे लोक १८९७ च्या सिद्रापोंग विद्युत्केंद्राकडे बोट दाखवितात. या वादात मी पडत नाही. त्याच काळात, १८८८ मध्ये, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींचे दुकान घातले होते. पुढे बेळगाव सोडून १९१० मध्ये त्यांनी किर्लोस्करवाडी वसविली, आणि त्यांच्याच घराण्याने १९४६ मध्ये बंगळुरात विजेच्या मोटारींचा कारखाना काढला. तिकडे इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग बसविला होता. पाणी, मोटार आणि यंत्रमाग हे तीन प्रवाह पुढे ज्या वस्त्यांत एकत्र आले, त्यांतील एक म्हणजे बेळगावच्या शहापूर, खासबाग व वडगाव या विणकरांच्या पेठा.

येथील विणकराचे घर आणि कारखाना यांच्यामध्ये पुष्कळदा एक भिंत असते, आणि कधी तीही नसते. पुढच्या खोलीत यंत्रमाग खडखडतो. मागच्या खोलीत भाकऱ्या होतात, मुले अभ्यास करतात, म्हातारी माणसे निजतात. हातमाग होता तेव्हा या शेजारात धोका नव्हता. मोटार आली आणि माग बदलला. घर मात्र होते तसेच राहिले. माझ्या वर्गात अशा घरांतून येणारी मुले वर्षानुवर्षे बसत आली आहेत. पालकांना भेटण्याच्या निमित्ताने त्यांच्या घरी जातो तेव्हा माझी दृष्टी आपोआप भिंतीकडे जाते. एका घरी असेच पाहिले. सोप्यातील एकुलत्या एका पॉइंटमध्ये एक मल्टिप्लग, त्याच्या पोटात दुसरा, दुसऱ्याच्या कुशीत तिसरा. आणि या द्राक्षाच्या घडातून पाच तारा पाच दिशांना गेलेल्या. मी काही बोलण्यापूर्वीच घरधनी हसून म्हणाले, "काय करायचं सर, पॉइंट एकच हाय की! जिनसा वाढल्या, भित्ती तेवढ्याच."

या वाक्यात अॅडॉप्टरचा सगळा इतिहास आला. कारण ही वस्तू जगात जन्मली तीच अशा अडचणीतून. विजेच्या प्रारंभीच्या काळात अमेरिकेतल्या घरांतही भिंतीवर प्लगची सोय नव्हती; वीज मिळे ती छताच्या दिव्यापाशी. तेथील हार्वे हबेल यांनी १९०४ मध्ये ज्या सुट्या प्लगचे पेटंट मिळविले, त्याचा एक भाग दिव्याच्या जागी फिरवून बसवावयाचा होता आणि दुसरा त्यातून ओढून काढता येत होता. आपल्याकडेही पन्नास-साठ वर्षांपूर्वीपर्यंत हेच चाले. बल्ब काढून होल्डरमध्ये दुतोंडी जोड बसवायचा, एका तोंडाला बल्ब परत लावायचा आणि दुसऱ्या तोंडातून इस्त्रीची तार खाली सोडायची. हे दृश्य माझ्या पिढीतील पुष्कळांनी लहानपणी पाहिले असेल. टेबलावर इस्त्री फिरे आणि वर दिवा हेलकावे खाई. दिव्याच्या जागी दोनच तारा असतात. एकीतून प्रवाह येतो, तिला फेज म्हणतात. दुसरीतून तो परत जातो, ती न्यूट्रल. इस्त्रीचे लोखंडी अंग मात्र कोणत्याच तारेला बांधलेले नसे. आतील अभ्रकाचा पापुद्रा फाटला आणि तार अंगाला टेकली, म्हणजे इस्त्रीच फेज होई, आणि तिला हात लावणारा माणूस जमिनीपर्यंतची वाट.

ही वाट माणसाच्या शरीरातून जाऊ नये म्हणून तिसरी पिन आली. १९११ च्या सुमारास लंडनच्या कारखानदारांच्या सूचीत तीन पिनांचे प्लग दिसू लागले, आणि १९३४ मध्ये ब्रिटनने त्यांची मापे ठरवून दिली. हे मानक बीएस ५४६ या नावाने ओळखले जाते. आपल्या घरातील गोल पिनांचा प्लग तो हाच. त्यात लहान तो पाच अँपिअरचा आणि मोठा पंधराचा. आता भारतीय मानकात, म्हणजे आयएस १२९३ मध्ये, त्यांना सहा आणि सोळा अँपिअर म्हणतात. दोन आकार का, याचे उत्तर वरच्या गोष्टीतच आहे. लहान तोंड दिवा, पंखा व रेडिओसाठी. मोठे तोंड शेगडी आणि पाण्याच्या बंबासाठी. पूर्वी पुष्कळ ठिकाणी दिव्या-पंख्याचा दर वेगळा आणि तापविण्याच्या विजेचा दर वेगळा असे, मीटरही दोन असत. वायरमन आजही मोठ्या तोंडाला 'पॉवर पॉइंट' म्हणतो तो त्याच काळाचा अवशेष.

वाचकहो, एखादा तीन पिनांचा प्लग हातात घेऊन पाहा. वरची पिन इतर दोघींपेक्षा जाड आहे, आणि लांबही. जाड अशासाठी की ती चुकूनही फेजच्या छिद्रात जाऊ नये. लांब अशासाठी की प्लग आत जाताना तिची भेट सर्वांआधी व्हावी, आणि बाहेर येताना तिचा निरोप सर्वांशेवटी. म्हणजे उपकरणात प्रवाह असेल त्या प्रत्येक क्षणी त्याचे लोखंडी अंग जमिनीशी जोडलेले राहावे. चांगल्या सॉकेटमध्ये खालच्या दोन छिद्रांवर पडदे असतात; तेही हीच लांब पिन आत गेल्यावर उघडतात, जेणेकरून लहान मुलाला तेथे खिळा वा सुई घालता येऊ नये. ज्याने ही रचना केली त्याने गृहिणीचा, तिच्या ओल्या हातांचा आणि रांगत्या मुलाचा विचार केला होता, यात संशय नाही.

आणि आपण काय करतो? आपण त्या पिनेला अडगळ समजतो. दोन पिनांचे उपकरण घालायचे असले की वरच्या छिद्रात पेनाचे टोक खुपसून पडदे उघडतो. प्लग नसला तर उघड्या तारा छिद्रात घालून त्या काडेपेटीच्या काड्यांनी घट्ट करतो. तीन पिनांचा प्लग दोन छिद्रांत बसत नाही म्हणून दोन पिनांचा अॅडॉप्टर आणतो. त्याच्या पुढच्या तोंडावर तीन छिद्रे आहेत, मागे पिना दोनच. तिसरे छिद्र आत कोठेच जात नाही! मला या वस्तूइतकी अप्रामाणिक वस्तू घरात दुसरी दिसत नाही. तोंडाने ती संरक्षणाचे वचन देते आणि पाठीमागे ते मोडून टाकते. फ्रीज, धुण्याचे यंत्र, इस्त्री, गिझर, मागाची मोटार असे जे जे लोखंडी अंगाचे आहे, त्याच्या मागे असा अॅडॉप्टर लावणे म्हणजे तिसऱ्या पिनेचे शोध लागण्यापूर्वीच्या काळात परत जाणे होय. मोबाईलच्या चार्जरचे मात्र तसे नाही. एका चौकोनात दुसरा चौकोन असे चिन्ह ज्या उपकरणावर छापलेले असते, त्याला दुहेरी वेष्टण दिलेले असते. त्याला दोन पिना पुरतात आणि त्यात काही उणे नाही.

येथे एका गमतीच्या गोष्टीची आठवण होते. ज्या ब्रिटनने आपल्याला गोल पिनांचा प्लग दिला, त्याने स्वतः तो टाकून दिला, आणि तोही नेमका १९४७ मध्ये! महायुद्धाच्या काळात, पुढे घरे नव्याने बांधावी लागणार म्हणून, तेथे एक समिती बसली होती. तांब्याचा तुटवडा होता, घरात प्लग तर पुष्कळ हवे होते. त्या विचारातून तेरा अँपिअरचा, चौकोनी पिनांचा, पोटात फ्यूज असलेला प्लग निघाला आणि १९४७ मध्ये त्याचे मानक, बीएस १३६३, प्रसिद्ध झाले. त्या वीस जणांच्या समितीत कॅरोलिन हॅस्लेट या एकट्या स्त्री होत्या. मुलांच्या बोटांचा प्रश्न त्यांनी आग्रहाने मांडला आणि छिद्रांवरचे पडदे सक्तीचे झाले. आपल्याकडे मात्र १९३४ चेच गोल माप राहिले.

यामुळे होणारी अडचण आमच्या ख्रिस्ती घरांना चांगली माहीत आहे. बेळगाव, गोवा आणि आखात यांची सोयरीक जुनी. दुबई-मस्कतकडे चौकोनी पिना चालतात. माझे मामा सुट्टीवर येत तेव्हा पेटीतून इस्त्री, मिक्सर, टेपरेकॉर्डर निघे, आणि पहिल्या संध्याकाळचा उत्साह ओसरण्यापूर्वीच प्रश्न उभा राही, हे लावायचे कशात? मग मारुती गल्लीपर्यंत फेरी होई आणि सर्व देशांच्या पिना गिळणारा एक अॅडॉप्टर घरात येई. जो सर्वांना आत घेतो तो कोणालाच घट्ट धरीत नाही. चौकोनी पिन त्याच्या रुंद छिद्रात सैल बसे, बोलल्यासारखा चुरचुर आवाज येई, आणि आजी म्हणे, "अरे, ह्यात काय तरी तळतंय." तिचे निदान अचूक होते. सैल जोडावर ठिणग्या पडतात, ठिणग्यांनी धातू काळवंडतो, काळवंडलेला धातू अधिक तापतो. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: अॅडॉप्टर पिनेचा आकार बदलतो, विजेचा दाब बदलीत नाही. आखातातील वस्तूचे त्यामुळे निभावून जाते. पण अमेरिकेतील भाच्याने पाठविलेले ११० ते १२० व्होल्टचे यंत्र आपल्या २३० व्होल्टवर नुसत्या अॅडॉप्टरने लावले, तर त्याचे आयुष्य काही क्षणांचे ठरते.

आता थोडे अंकगणित. ते मी सातवीच्या वर्गात दरवर्षी करवितो, कारण क्रमिक पुस्तकातील हौद आणि नळ यांच्यापेक्षा ते मुलांच्या उपयोगी पडते. सहा अँपिअरला २३० ने गुणले की १३८० वॅट होतात. लहान प्लगचे, आणि त्यात खोचलेल्या सगळ्या मल्टिप्लगांचे मिळून, हे एवढेच सामर्थ्य. छिद्रे तीन असोत की बारा, झरा एकच. त्यावर हजार वॅटची इस्त्री आणि पंधराशेची पाण्याची किटली एकदम लावली की बेरीज अडीच हजार होते. प्रवाह जवळजवळ अकरा अँपिअर. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट, तर उष्णता चौपट. मुले हा हिशेब बरोबर करतात आणि मग एकमेकांकडे पाहू लागतात, कारण प्रत्येकाला आपल्या घरातील तो घड आठवलेला असतो.

अशा वेळी फ्यूज जळून प्रवाह तुटावा अशी व्यवस्था असते. पण आमच्याकडे चिनी मातीच्या किटकॅटमधील बारीक तार दोनदा जळली, की तिसऱ्यांदा कोणीतरी हुशार माणूस तेथे जाड तांब्याची तार बांधतो. मग फ्यूज जळत नाही. भिंतीतील वायरिंग जळते. मागांच्या खोलीत सुताचा भुसा हवेत तरंगत असतो, बोर्डावर, मोटारीवर, तुळईवर बसत असतो. त्या भुशाला एक ठिणगी पुरे. प्लग हाताला गरम लागणे, पांढऱ्या प्लॅस्टिकवर तपकिरी डाग पडणे, कुजक्या मासळीसारखा वास येणे, या सूचना आगीच्या पुष्कळ आधी मिळतात. त्या वाचता आल्या पाहिजेत.

वाचण्यावरून आठवले. १९५६ च्या विद्युत् नियमांत अशी आज्ञा होती की धोक्याची पाटी हिंदीत किंवा इंग्रजीत, आणि जिल्ह्याच्या स्थानिक भाषेत असावी. सोबत कवटी व हाडांचे चित्र असावे. त्याच वर्षी नोव्हेंबरात आमचा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, आणि स्थानिक भाषा कोणती यावर येथे पुढे काय काय झाले ते वाचकांना सांगायला नको. आमच्या पेठांतील रोहित्रांवर आज कानडीत 'अपाय' असे लिहिलेले असते. कानडीत त्याचा अर्थ धोका. मराठीतही शब्द तोच, अर्थ इजा. एका भाषेने आधीची स्थिती सांगितली, दुसरीने नंतरची. माझ्या मुलांना ती पाटी वाचता येते, हे मी माझ्या नोकरीतील लहानसे समाधान समजतो.

यानंतर वादळाचा विषय. चैत्र-वैशाखात दुपारपर्यंत अंगाची लाही होते, चार वाजता पश्चिमेकडून काळे ढग येतात आणि वळीव कोसळतो. विजा पडतात त्या याच दिवसांत. वीज थेट घरावरच पडावी लागते असे नाही. दूरच्या खांबावर वा तारेजवळ पडली तरी तारेत क्षणभर हजारो व्होल्टची लाट उठते. ती सेकंदाच्या लक्षांशाच्या हिशेबात येते आणि जाते. तिला सर्ज म्हणतात. लहान प्रमाणात अशी उसळी शेजारची मोठी मोटार बंद होतानाही उठते, म्हणून मागांच्या पेठेत हा शब्द अधिक ओळखीचा व्हायला हवा होता.

हा धोका विजेच्या दिव्यांहून जुना आहे. आपल्या देशात १८५० नंतरच्या दशकात तारायंत्र आले, तेव्हापासून तारखात्याला आकाशातील विजेशी झगडावे लागले. त्याआधीची युरोपातील गोष्ट तर आम्हा ख्रिस्ती लोकांनी आठवणीत ठेवावी अशी आहे. वादळ आले की चर्चच्या मनोऱ्यातील घंटा वाजवायची, म्हणजे वीज पांगते, असा तेथे समज होता. १७८४ मध्ये म्यूनिकमध्ये निघालेल्या एका पुस्तकात हिशेब दिला होता: तेहतीस वर्षांत ३८६ मनोऱ्यांवर वीज पडली आणि घंटेची दोरी ओढणारे १०३ जण मेले. गावातील सर्वांत उंच जागी उभे राहून, ओली दोरी हातात धरून, ते बिचारे गावाचे रक्षण करीत होते. बेंजामिन फ्रँकलिनचा विजेचा सळई-वाहक तोवर तीस वर्षांचा झाला होता. पण सवय ज्ञानाला वाट देत नाही.

आपल्या घरांत या ज्ञानाचा पहिला धडा दिला तो रेडिओने. धारवाडचे केंद्र १९५० मध्ये सुरू झाले, पुण्याचे १९५३ मध्ये, सांगलीचे १९६३ मध्ये. त्या काळच्या मोठ्या संचांना छतावर दोन बांबूंमध्ये एरियलची तार ताणावी लागे, आणि मागे दोन जागा असत. एक एरियलची, एक अर्थची. माझे वडील सांगत की आकाश गडगडू लागले की आमचे आजोबा कार्यक्रम कितीही रंगलेला असो, उठून एरियल काढीत आणि खिडकीतील खटक्याने ती तार जमिनीकडे वळवीत. पुष्कळांच्या घरी खिडकीशी तडितरोधकाची लहानशी डबी असे. तिच्यात दोन धातूंमध्ये केसाएवढी फट असायची. नेहमीच्या क्षीण लहरींना ती फट ओलांडता येत नसे. आकाशातील वीज मात्र उडी मारून जमिनीत जाई.

आजचा सर्ज प्रोटेक्टर त्या डबीचाच नातू आहे. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये मात्सुशिता कंपनीत मिचिओ मात्सुओका यांना जस्ताच्या भस्मापासून केलेल्या, म्हणजे झिंक ऑक्साइडच्या, वडीत एक विलक्षण गुण आढळला. नेहमीच्या दाबाला ही वडी विजेला अडवून धरते. दाब मर्यादेबाहेर गेला की क्षणार्धात मार्ग मोकळा करते आणि लाट ओसरताच पुन्हा बंद होते. बटणाएवढ्या या तबकडीला व्हॅरिस्टर म्हणतात. चांगल्या स्पाइक गार्डमध्ये अशा तबकड्या फेज, न्यूट्रल आणि अर्थ यांच्या दरम्यान बसविलेल्या असतात.

आता येथे गोष्ट पुन्हा तिसऱ्या पिनेपाशी येते. अर्थकडे जाणाऱ्या तबकड्यांना लाट लोटून द्यायला जमीन पाहिजे. घराला अर्थिंगच नसेल, किंवा स्पाइक गार्ड दोन पिनांच्या अॅडॉप्टरमधून लावला असेल, तर त्या तबकड्या दाराला कुलूप घातलेल्या घरातील पहारेकऱ्यासारख्या बसून राहतात. वर हिरवा दिवा लागलेला असतो, आणि आपण निश्चिंत असतो. बाजारात तर असेही बोर्ड मिळतात की ज्यांच्या पोटात एक बटण, एक दिवा आणि पत्र्याच्या तीन पट्ट्या यांखेरीज काही नसते. वजनाला हलका, तार बारीक, आयएस १२९३ चा उल्लेख नाही, तबकडीच्या सामर्थ्याचा आकडा, जो जूलमध्ये देतात, तोही नाही. अशा वस्तूला संरक्षक म्हणणे भाषेवर अन्याय आहे. खरी तबकडीदेखील अमर नसते. प्रत्येक लाट तिचे थोडे आयुष्य खाते, आणि ती संपल्यावरही बोर्डावर टीव्ही चालूच राहतो.

आणि एका संकटापुढे तर ती हतबलच असते. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात आमच्या भागात वळवाने चिंचेची फांदी तारांवर पडली आणि न्यूट्रलची तार तुटली. तीन फेजांच्या रस्त्यावर न्यूट्रल तुटले म्हणजे घराघरांतील दाब २३० राहत नाही. कोठे तो शंभरावर उतरतो, कोठे चारशेकडे चढतो. आमच्या ओळीतील दिवे प्रथम लख्ख उजळले. मुलांनी टाळ्या वाजविल्या. मग एकेका घरातून फटाक्यासारखे आवाज आले. क्षणाची लाट सोसणाऱ्या तबकड्या मिनिटाच्या पुरापुढे तापून फुटल्या होत्या. एका घरी स्पाइक गार्ड गादीच्या कडेला होता, तेथे गादीने पेट घेतला. घरात माणसे होती म्हणून ती वेळीच बाहेर फेकता आली. दाब मर्यादेबाहेर जाताच प्रवाह तोडणारे वेगळे यंत्र मीटरपाशी बसविता येते, हे आम्हा बहुतेकांना त्यानंतर कळले. त्याचप्रमाणे तीस मिलिअँपिअर गळती होताच वीज बंद करणारे आरसीसीबीही. माणसाच्या शरीरातून प्रवाह जाऊ लागला की ते सेकंदाच्या अंशात प्रवाह तोडते. त्यावरचे 'टेस्ट' हे बटण महिन्यातून एकदा दाबावे असे त्यावरच लिहिलेले असते. ते कोणी दाबीत नाही.

वादळात करायचे ते साधे आहे, पण वेळेवर करायचे आहे. ढग दिसू लागताच प्लग ओढून काढावा. नुसते बटण बंद करून भागत नाही, कारण हजारो व्होल्टला बटणातील ती फट म्हणजे उंबरठा. आणि डोक्यावर कडकडाट सुरू झाल्यानंतर ओल्या हाताने प्लगकडे धावू नये. टीव्हीपेक्षा माणूस महाग आहे. घंटेची दोरी ओढणाऱ्यांची चूक तीच होती. आषाढात मंगाई देवीच्या यात्रेत, भर पावसात, दुकानदार चिखलातून तारा ओढून त्यांवर मल्टिप्लग टांगतात, तेव्हा मला त्या मनोऱ्यांची आठवण येते.

ज्यांच्या घरातील द्राक्षाच्या घडाचे वर्णन केले, ते गृहस्थ त्या मे महिन्यानंतर माझ्याकडे आले. त्यांचा टीव्ही गेला होता, आणि एका मागाची मोटारही. मोटार बांधून घेण्यात तीन आठवड्यांची मजुरी बुडाली. "सर, आता काय ते एकदाच करून टाकू," म्हणाले. आम्ही परवाना असलेला वायरमन बोलाविला. त्याने सोप्यातील पॉइंट उघडला, तर तिसऱ्या छिद्राची तार कोणीतरी न्यूट्रललाच गुंडाळून ठेवलेली! न्यूट्रल तुटले की फ्रीजच्या दारात फेज उभी राहावी अशीच ती व्यवस्था. त्यांच्या सूनबाई त्या फ्रीजमधून रोज दूध काढीत होत्या.

कामाला चार दिवस लागले. मागांची तार निराळी झाली, घराची निराळी. प्रत्येकीला आपला एमसीबी. फ्रीजला आणि धुण्याच्या यंत्राला भिंतीतच सोळा अँपिअरचे पॉइंट मिळाले, आणि घड उतरला. खर्च झाला तो मोटारीच्या दुरुस्तीहून फार अधिक नव्हता. अर्थिंगसाठी जागा शोधताना वाद झाला. परसात फरशी, पुढे रस्ता; मोकळी माती फक्त तुळशीकट्ट्याच्या बाजूला. घरातील आजी प्रथम कबूल होईनात. मग तुळशीपासून चार हात सोडून खड्डा खणला, त्यात पट्टी उभी केली, कोळसा आणि मीठ यांचे थर दिले, वरून पाणी घालण्याची नळी ठेवली. आमची जमीन मुरमाड; उन्हाळ्यात तिच्यात ओल राहत नाही आणि कोरडी माती विजेला वाट देत नाही. म्हणून वायरमनने बजावले की होळीपासून मृग लागेपर्यंत या नळीत रोज पाणी पडले पाहिजे. घरातील पुरुषांनी माना डोलावल्या आणि विसरून गेले. परवा गेलो होतो तेव्हा आजी तुळशीला पाणी घालून तांब्या तसाच हातात घेऊन नळीकडे वळताना दिसल्या.